परत सांगा, मगच अंगठा

डोमाजी माझा शेजारी. आमच्या दोन घरांच्या मध्ये एकच कुडाची भिंत आहे आणि त्या भिंतीला एक भोक आहे. ते मी पाडलेलं नाही, उंदरानं पाडलं. मी फक्त बुजवलं नाही. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. उरलेलं निम्मं वकिलांकडून काढलेलं आहे. मी शिंपी. अकोटच्या कोर्टातले बरेचसे काळे कोट माझ्या मशीनखालून गेलेत. माप घेताना माणूस हात वर करून उभा असतो, तेव्हा त्याला काहीही विचारा, तो सांगून टाकतो.

डोमाजीचा धंदा अर्जनविशीचा. ज्याला लिहिता येत नाही, किंवा येतं पण कोर्टात चालेल असं येत नाही, त्याचे अर्ज, दावे, जबाब हा लिहून देतो. त्याला त्याचा सरकारी परवाना आहे. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली एक पोतं, त्यावर उतरत्या झाकणाची पेटी, दौत, टाक आणि मागे डोमाजी. चेहरा असा की लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा साक्ष द्यायला आल्यासारखा जेवतो. हसला की आमच्या गल्लीत ती बातमी होते.

पण लोक त्याला ओळखतात ते त्याच्या एका खुळामुळे. कागद लिहून झाला, वाचून दाखवला, की तो कागदाची घडी घालतो, मांडीखाली ठेवतो आणि पक्षकाराला म्हणतो, "आता तुमी सांगा. म्या काय लिवलं?"

एकदा बांधाच्या भांडणासाठी आलेल्या एका म्हाताऱ्याची ही परीक्षा मी उभ्यानं पाहिली.

"लय चांगलं लिवलं बापा," म्हातारा म्हणाला.

"चांगलं नोको. काय लिवलं ते सांगा."

"हेच का... मी गरीब हाओ."

"हे म्या कुठीच लिवलं नाई."

"मंग लिवा लागत होतं ना!"

झालं. कागद मांडीखालून बाहेर. जिथे म्हातारा अडखळला तिथे डोमाजीनं टाकानं रेघ मारली, एका वाक्याची तीन केली, पुन्हा वाचलं, पुन्हा घडी, पुन्हा मांडी. चौथ्या खेपेला म्हाताऱ्यानं सगळं धडाधडा सांगितलं: बांध कोणता, कोणी फोडला, कधी फोडला, कोर्टानं काय करावं. तेव्हा कुठे डोमाजीनं शाईची गादी पुढे केली. अंगठा घ्यायला दुपार टळली. बाकीचे अर्जनवीस तोवर चार-चार कागद उरकून पान चघळत बसले होते.

त्याची बायको पंचफुला मला नेहमी म्हणते, "भौजी, तुमाले हसू येते. म्या याले मीठ आनाले धाडलं त मलेच म्हनते, 'परत सांग, काय आनाचं?'"

तर हे खूळ आलं कुठून?

डोमाजीला हा धंदा शिकवला खुशालरावांनी. खुशालराव म्हणजे अकोटच्या अर्जनविशीतला जुना खांब. त्यांच्याकडे लाल फडक्यात बांधलेली नमुन्यांची एक वही होती, त्यांच्या गुरूकडून आलेली. बांधाचा दावा, वाटणीचा दावा, घराचा दावा, जनावराच्या चोरीची फिर्याद, प्रत्येकाचा एक नमुना. त्यात नाव, गाव आणि चतुःसीमा बदलायच्या. बाकी मजकूर देवाच्या पोथीसारखा जसाच्या तसा उतरवायचा. आणि मजकूर कसा, तर अख्खा दावा म्हणजे एकच वाक्य. 'असून', 'असल्याने', 'सबब', 'उपरोक्त' अशी एकात एक कडी अडकवत ते निघायचं ते शेवटच्या पानावर सहीपाशी थांबायचं. पूर्णविराम दिला की खुशालरावांना कागदाला भोक पडल्यासारखं वाटे. मी एकदा टेप लावून त्यांचं एक वाक्य मोजलं. ओळी एकापुढे एक धरल्या तर डोमाजीचं धोतर निघून वर रुमालाला उरलं असतं.

एक्कावन साली खुशालरावांनी डोमाजीला हाताखाली घेतलं ते त्याच्या अक्षरासाठी. मोती ओवल्यासारखं अक्षर. अक्षर जवळ घेतलं, माणूस मात्र जरा लांब बसवला. पोतं वेगळं, दौत वेगळी, पाण्याचा गिलास घरून आणायचा. डोमाजी तेव्हा काही बोलला नाही. छप्पन सालच्या ऑक्टोबरात तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आपलं पोतं उचलून खुशालरावांच्या पोत्याला भिडवून टाकलं. तेव्हाही काही बोलला नाही. खुशालरावांनी फक्त आपली पेटी बोटभर आत ओढली. असा हा माणूस. भांडत नाही, फक्त सरकत नाही.

पण गोष्ट आहे त्याच्या आधीची, चोपन सालची. हिवरखेडची मैनाबाई आपल्या नवऱ्याला, नत्थुजीला घेऊन खुशालरावांकडे आली. तिच्या बापाला मुलगा नव्हता. बाप वारला आणि त्याच्या घरात चुलतभाऊ घुसून बसला. मैनाबाईला घर परत पाहिजे होतं. खुशालरावांनी डोमाजीला सांगितलं, "मुलीच्या घराचा नमुना काढ, उतरव."

डोमाजीनं उतरवला. नाव बदललं, गाव बदललं, चतुःसीमा बदलल्या. नमुन्यातली बाई मात्र विधवा होती. वाक्याच्या पोटात कुठेतरी तिसऱ्या पानावर "वादी ही निराधार विधवा असून तिचे पती यापूर्वीच मयत झालेले असल्याने" एवढा तुकडा होता. तो मोत्यासारख्या अक्षरात तसाच उतरला. खुशालरावांनी आपल्या खास आवाजात, घोडा सोडल्यासारखा, दावा वाचून दाखवला. मैनाबाईनं पदर सावरून ऐकला. नत्थुजी शेजारीच उकिडवा बसला होता. तो दर 'सबब'ला मान डोलवत होता. स्वतःच्या मरणाला इतक्या आदरानं मान डोलावणारा माणूस मी दुसरा ऐकला नाही. मग मैनाबाईचा अंगठा झाला, खाली खुशालरावांची सही झाली.

वर्षभरानं साक्ष निघाली. त्या दिवशी मी एका वकिलाचा कोट द्यायला कोर्टात गेलो होतो, आणि खरं सांगायचं तर कोट देऊन झाल्यावरही थांबलो होतो. चुलतभावाच्या वकिलानं अगदी मायेनं विचारलं, "बाई, तुमचे मालक कधी वारले?"

"कोन?"

"नत्थुजी. तुमचे मालक."

"वारले? अवं माय! ते त भायेर बिडी फुकून राह्यले!"

आपलं नाव ऐकून नत्थुजीनं दारातून डोकं आत घातलं. "मी हाओ ना साहेब, मी हाओ!"

सारं कोर्ट हसलं. मीही हसलो, लपवत नाही. वकील मात्र हसला नाही. त्यानं कागद पुढे धरला.

"हा अंगठा तुमचा?"

"हाव."

"मजकूर वाचून दाखवला होता?"

"हाव."

"समजला होता?"

मैनाबाईनं इकडेतिकडे पाहिलं. एवढ्या काळ्या कोटांसमोर 'नाही समजला' कोण म्हणेल? ती म्हणाली, "हाव."

"मग साहेब," वकील वळला, "जिनं जिवंत नवऱ्याला अंगठा देऊन मारलं, तिचं बाकीचं तरी खरं कसं धरायचं?"

घर गेलं. आणखी दोनतीन कारणं निकालात होती, पण हिवरखेडात सगळ्यांना हेच कळलं. मैनाबाईनं नवऱ्याच्या भावाच्या गोठ्याला एक पडवी काढून संसार मांडला. नत्थुजीला गावानं नाव दिलं 'मयत'. "मयत, बिडी दे." "मयत, उद्या वावरात निंदाले येतं का?" तो ओ देऊ लागला. कोणी 'मयताची बाई' म्हटलं तर मैनाबाईनं मात्र कधी ओ दिली नाही.

खुशालराव आवारात म्हणाले, "पक्षकारानंच नीट सांगितलं नाही." दाव्यावर सही त्यांची, त्यामुळे डोमाजीचा हात त्यात होता हे, भिंतीच्या भोकामुळे एक मी सोडलो तर, कोणालाच ठाऊक नव्हतं. डोमाजी गप्प राहिला. सत्तावन साली त्याला स्वतःचा परवाना मिळाला, आणि पहिल्याच पक्षकाराला त्यानं विचारलं, "आता तुमी सांगा, म्या काय लिवलं?"

बासष्ट साली पुण्याकडचे नवे जज्जसाहेब अकोटला आले. आमची बोली ऐकली की त्यांना वाटायचं, हे लोक सारखे कोणावर तरी चिडलेले आहेत. खुशालरावांनी ही वेळ साधली आणि लेखी तक्रार दिली. डोमाजी कायद्याची भाषा वापरत नाही, पोरांच्या पुस्तकासारखी वाक्यं लिहून कोर्टाची शोभा घालवतो, पक्षकारांना तासन्‌तास बसवून ठेवतो, सबब त्याचा परवाना रद्द व्हावा. त्यांचे निम्मे पक्षकार डोमाजीच्या पोत्यावर जाऊन बसू लागले होते, हे तक्रारीत नव्हतं. ते मी सांगतो.

डोमाजीला नोटीस आली: परवाना रद्द का करू नये, याचा आठ दिवसांत हजर राहून लेखी खुलासा करा.

भिंतीपलीकडे त्या दिवशी कोणी जेवलं नाही. शेत नाही, दुसरा धंदा नाही. जिनिंगमध्ये रुई ओढायला जावं तर छाती नाजूक. मी म्हटलं असतं ये माझ्या दुकानात, पण हा गिऱ्हाइकाला विचारणार, "परत सांगा, म्या काय माप घेतलं?"

मग मी माझा शहाणपणा केला. एका तरुण वकिलाचा कोट माझ्याकडे शिवायला होता. मी त्याला म्हटलं, "साहेब, डोमाजीचा खुलासा तुम्ही लिहा, आणि असा लिहा की जज्जसाहेबांनी खुर्चीतून उठून नमस्कार केला पाहिजे. कोट उद्या न्या."

त्यानं लिहिला. साडेचार पानं, वाक्य एक. "ज्याअर्थी खुलासाकर्ता हा सन एकोणीसशे सत्तावनपासून रीतसर परवानाधारक असून त्याचेविरुद्ध आजतागायत कोणतीही तक्रार आलेली नसून…" असं ते निघालं, ते 'त्याअर्थी' येईपर्यंत मला दोनदा तहान लागली. मोठ्या तोऱ्यानं मी तो कागद डोमाजीच्या ओट्यावर नेऊन ठेवला.

"सही कर आन देऊन टाक. पुण्यावाला गार होते का नाई पाह्य."

डोमाजीनं वाचला. घडी घातली. सवयीनं मांडीखाली ठेवला. चुलीपाशी बसलेली पंचफुला वळली आणि म्हणाली, "आता सांगा. काय लिवलं त्यात?"

"ज्याअर्थी मी..." डोमाजी म्हणाला. थांबला. "ज्याअर्थी..."

"पुढं?"

"पुढं लय हाय."

"लय हाय ते मले बी दिसून राह्यलं. काय हाय?"

डोमाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी वर आढ्याकडे पाहिलं.

"मंग सही नाई," पंचफुला म्हणाली. तिनं कागद त्याच्या मांडीखालून ओढला आणि भाकरीच्या टोपलीत तळाशी घातला. साडेचार पानांचा कायदा आठवडाभर आमच्या शेजाऱ्यांच्या भाकरी मऊ ठेवत होता.

दुसऱ्या दिवशी डोमाजीनं स्वतःचा खुलासा लिहिला आणि मला वाचून दाखवला. एक पानही भरलं नव्हतं. पण ऐकता ऐकता माझी सुई बोटात गेली.

"अबे, येडा झाला का तू? मैनाबाईचं कायले लिवलं? नोटिशीत तिचं नाव तरी हाय का? आठ वर्सं झाली! कोनाले मालूम नाई!"

"मले मालूम हाय."

"परवाना जाईन."

"जाईन त जाईन. त्यायनं इचारलं, तू असं काहून लिवतं. आता काहून ते सांगा नाई लागत का? अर्धं सांगतलं त मी बी नमुनाच उतरवला असं होते."

"आन खुशालराव? सही त्यायची हाय."

"हात माहा होता. मी माह्या हाताचं लिवलं."

मी पुष्कळ बोललो. हसवून पाहिलं, घाबरवून पाहिलं. तो ऐकत होता आणि कागदावरची शाई वाळवत होता. शेवटी म्हणाला, "त्यात मैनाबाईचं नाव हाय. तिनं परत सांगतल्याबगर मी हा देनार नाई."

म्हणून आम्ही एस.टी.नं हिवरखेडला गेलो. मी कशाला गेलो? असली गोष्ट कोणी भिंतीच्या भोकातून पाहतं का?

मैनाबाई पडवीत तुरी पाखडत होती. नत्थुजी खाटेवर. डोमाजी उभ्यानंच म्हणाला, "बाई, तुमचा दावा म्या लिवला होता. तुमच्या मालकाले मयत म्या केलं."

सूप थांबलं.

"म्हंजे मले मारनारा तू होय!" नत्थुजी उठून बसला आणि असा हसला की त्याला ठसका लागला. "मी त समजत होतो का चित्रगुप्ताची चूक हाय!"

मैनाबाई हसली नाही. "तूच का तो," एवढंच म्हणाली. डोमाजीनं खुलासा वाचून दाखवला. मग त्याला पुढचं विचारायची गरज पडली नाही. तिनं स्वतःच एकेक करून सगळं परत सांगितलं, तुरी निवडाव्या तसं. एकही गोष्ट सुटली नाही.

"खरं हाय हे," ती म्हणाली. "पन म्या तुले माफ नाई केलं. तसं लिवजो नोको."

"नाई लिवत."

"तारीख कवा हाय?"

"सोमवारी."

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. चहा विचारला नाही.

सोमवारी कोर्टात मी तीन कोट घेऊन गेलो, तिघांपैकी एकालाही त्या दिवशी कोट नको होता. जज्जसाहेबांनी खुलासा डोमाजीलाच वाचायला लावला. त्यानं वाचला:

"मी डोमाजी, अर्जनवीस. मी लहान वाक्ये लिहितो, हे खरे आहे. सन १९५४ मध्ये मी खुशालरावांच्या हाताखाली होतो. हिवरखेडच्या मैनाबाईचा दावा मी नमुन्यावरून उतरवला. नमुन्यातली बाई विधवा होती. मैनाबाईचा नवरा जिवंत होता. मी ते बदलले नाही. दावा इतका लांब होता की ऐकून कोणालाही चूक दिसली नाही. साक्षीत ती चूक मैनाबाईच्या अंगावर आली. तिचे घर गेले. चूक माझ्या हाताची होती. तेव्हापासून पक्षकाराने परत सांगितल्याशिवाय मी अंगठा घेत नाही. लांब वाक्य परत सांगता येत नाही. म्हणून मी ते लिहीत नाही. परवाना राहिला तर मी असेच लिहीन."

साहेबांनी चष्मा काढला. "शेवटचं वाक्य फार उद्धट आहे. काढता का?"

"ते काढलं त बाकीचं खोटं होते साहेब."

"आणि हे बाकीचं खरं कशावरून?"

"मी आली हाओ," मागून आवाज आला. मैनाबाई. नव्या लुगड्यात. तिच्यामागून नत्थुजी म्हणाला, "मयत बी आला हाय साहेब."

साहेबांनी तिला पुढे बोलावलं. कागदात काय लिहिलंय ते विचारलं. तिनं आपल्या बोलीत सांगितलं, डोमाजीपेक्षाही कमी शब्दांत, आणि शेवटी भर घातली: "त्या दिवशी मले इचारलं, समजलं का. म्या हाव म्हनलं. लाज वाटली म्हून म्हनलं. हा मानूस असं इचारते का लाजाले जागाच ठेवत नाई."

कोणी हसलं नाही. तेवढ्यात खुशालराव उठले. पांढरी टोपी काढून हातात घेतली, पुन्हा डोक्यावर ठेवली.

"हुजूर, त्या दाव्यावर सही माझी आहे. वाचूनही मीच दाखवला होता." मग जरा थांबून, "पण तक्रार मी मागे घेत नाही. कोर्टाची भाषा कोर्टासारखीच पाहिजे."

म्हातारा खुशालराव मला त्या क्षणी पहिल्यांदा आवडला. नंतर त्याचा कोट मी शिलाई न घेता शिवून दिला असता, पण त्यानं मागितला नाही.

साहेबांनी तिथेच हुकूम सांगायला सुरुवात केली. पण कोर्टाची भाषा ती कोर्टाची. "सदरहू तक्रार, तक्रारदाराचे म्हणणे व खुलासाकर्त्याचा खुलासा विचारात घेता, जरी पूर्वीच्या चुकीची गंभीर दखल घेणे भाग असले तरी…" वाक्य चालू लागलं, वळणं घेऊ लागलं, त्याला शाखा फुटल्या. कारकून लिहून घामाघूम. वाक्य संपलं तेव्हा डोमाजी हात जोडून म्हणाला, "साहेब, मले परत नाई सांगता येत. परवाना हाय, का गेला?"

साहेबांनी काढलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "आहे. नेहमीचा तीन वर्षांचा नाही, एक वर्षाचा. जुन्या चुकीबद्दल. पुढच्या वर्षी पुन्हा माझ्यासमोर या." आणि कारकुनाला, "तेवढंच लिहा. आधीचं खोडा."

आम्ही बाहेर आलो. मी म्हटलं, चला, आज डोमाजीकडून भजी. डोमाजी ऐकत नव्हता. त्यानं कडुनिंबाखाली पोतं पसरलं होतं, कारण मैनाबाई त्याच्यासमोर येऊन बसली होती.

"गेलं घर त गेलं," ती म्हणाली. "पन घरामागची परसाची जागा त्या दाव्यात नव्हती. त्या चुलतभावानं आता तिथं बी कूड घातला. लिव."

डोमाजीनं टाक बुडवला. "तुमचं पूर्ण नाव..."

"नाव मंग. पयले हे लिव, का माहा नवरा नत्थुजी जिता हाय."

"बाई, परसाच्या जागेशी त्याचा काही संबंध..."

"संबंध तू मले सांगू नोको. पयले ते लिव."

डोमाजीनं लिहिलं. 'माझे पती नत्थुजी जिवंत आहेत.' पूर्णविराम. मग नाव, मग जागा, मग कूड, मग मागणी. वाचून दाखवलं, घडी घातली, मांडीखाली ठेवली. मैनाबाईनं पहिल्याच खेपेला सगळं परत सांगितलं. नत्थुजी शेजारी उकिडवा बसला होता. आपलं वाक्य आलं तेव्हा त्यानं मान डोलावली.

मग तिनं डोमाजीकडे न पाहता अंगठा पुढे केला.